कसोटीच्या दगडावरची रेघ

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मागच्या अंकातील क्वांटम भौतिकीवरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन-अणूंसारख्या अतिसूक्ष्म कणांच्या शास्त्रावरच्या, टिपणात ‘निरीक्षणामुळे कणाची अवस्था बदलते’ असे एक वाक्य होते. त्या एका वाक्यावर खानदेशाच्या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या बहुतेक शंकांचे मूळ त्यात आहे.

प्रश्न (अमळनेर, निवृत्त शिक्षक): आमच्या गावी झालेल्या एका प्रवचनात असे सांगण्यात आले की, इलेक्ट्रॉनकडे कोणी पाहिले नाही तर तो लाट असतो आणि पाहिले की कण होतो, म्हणजे पाहणाऱ्याच्या चैतन्यामुळेच जग अस्तित्वात येते, आणि अद्वैताने सांगितले तेच आता विज्ञानाने सिद्ध केले आहे. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले, भौतिकी नाही. ऐकताना आनंद झाला, पण घरी आल्यावर मन साशंक झाले. हे खरे मानावे का?

उत्तर: जे प्रयोगाने पक्के झाले आहे ते आधी सांगतो. दोन अरुंद फटींतून इलेक्ट्रॉन सोडले, तर पलीकडच्या पडद्यावर लाटांचे उमटावेत तसे एकाआड एक पट्टे उमटतात. जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फटींऐवजी विद्युतभारित तार वापरून हेच साधले आणि इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले की, एका वेळी उपकरणात एकाहून अधिक इलेक्ट्रॉन सहसा नसेच. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा पडद्यावर एकच ठिपका पडे, आणि सुरुवातीला ते ठिपके कुठेही विखुरल्यासारखे दिसत; हजारो ठिपके साचल्यावर मात्र त्यांतून स्पष्ट पट्टे उभे राहिले. इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला याची खूण मागे राहील अशी व्यवस्था केली, तर हे पट्टे नाहीसे होतात. येथपर्यंत प्रवचनकारांचे म्हणणे बरोबर आहे.

अडचण ‘पाहिले’ या शब्दापाशी सुरू होते. वर्गात या प्रयोगाची आकृती काढताना मी अनेक वर्षे मापकाच्या जागी फळ्यावर एक डोळा काढत असे. ती चूक होती. डोळा दिसला की विद्यार्थ्याच्या मनात माणूस येतो, माणसाच्या मागोमाग त्याचे मन येते, आणि मग पट्टे मनामुळे पुसले गेले असा समज पक्का होतो. तो पुढे कितीही समजावले तरी सहजासहजी निघत नाही.

जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा कस पाहण्याची जुनी रीत आपण पाहिली असेल. दागिना काळ्या कसोटीच्या दगडावर घासतात, दगडावर सोन्याची बारीक रेघ उमटते, आणि त्या रेघेला आम्ल लावून तिचा रंग ताडून पाहतात. घासल्याशिवाय कस कळत नाही आणि घासले की किंचित सोने दगडावर राहतेच. रेघ ओढून सराफ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, तरी रेघ दगडावर असते आणि दागिना तेवढ्याने झिजलेला असतो. क्वांटम भौतिकीत ज्याला निरीक्षण म्हणतात ते म्हणजे ही रेघ. सराफाची नजर तिच्यानंतर केव्हा पोचते, किंवा पोचते की नाही, याने रेघेत फरक पडत नाही.

ही उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, ते सांगणे माझे कर्तव्य आहे. सोन्याचा कस घासण्याच्या आधीही ठरलेला असतो. कणांविषयी मात्र भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी 1964 मध्ये असे दाखवले की, मापनाचे निकाल कणांत आधीच लिहून ठेवलेले असतात आणि एका ठिकाणच्या मापनाचा परिणाम दूरच्या ठिकाणी तत्काळ होत नाही, या दोन गोष्टी एकत्र धरल्या तर क्वांटम सिद्धांताशी विरोध येतो. प्रयोगांनी कौल क्वांटम सिद्धांताच्या बाजूने दिला; त्या प्रयोगांसाठी आलँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटन झायलिंगर यांना 2022 चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे जगाविषयीची आपली नेहमीची समजूत कुठेतरी सोडावी लागते, यात शंका नाही. पण ती सोडल्यावर जी जागा रिकामी होते, ती आपोआप चैतन्याच्या नावावर चढत नाही.

नजर नसतानाही रेघ उमटते, याचा मला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग व्हिएन्नाचा आहे. तेथे 1999 मध्ये 60 कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूंनीही लाटांप्रमाणे पट्टे उमटवल्याचे दिसले. पुढे 2004 मध्ये त्याच गटाने 70 कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवून सोडले. लोहाराच्या भट्टीतून काढलेले लोखंड जसे उजेड फेकते, तसे हे तापलेले रेणू वाटेत प्रकाशाचे कण फेकू लागले. तो प्रकाश टिपायला तेथे कोणी बसले नव्हते. तो उपकरणाच्या भिंतींत जिरून जात होता. तरीही रेणू जसजसे अधिक तापवले तसतसे पट्टे पुसट झाले आणि अखेरीस दिसेनासे झाले. बाहेर पडलेल्या प्रकाशात रेणूच्या जागेची खूण शिल्लक राहत होती आणि पट्टे पुसायला तेवढे पुरेसे होते. आजूबाजूच्या हवेने, उष्णतेने, उजेडाने अशी खूण सतत घेत राहण्याला भौतिकीत डिकोहेरन्स म्हणतात. वैशाखात आपल्याकडे उडणारा धुळीच्या एका कणाचीही हवेच्या रेणूंकडून क्षणोक्षणी अशी खूण घेतली जात असते, म्हणून तो दोन ठिकाणी असल्याचे आपल्याला कधीच आढळत नाही.

आपण तर्कशुद्ध विचार करणारे आहात, म्हणून येथे आपण असे विचारू शकाल की, ती भिंत आणि तो प्रकाश हेदेखील अणूंचेच बनलेले आहेत. मग कोणी जाणीवेने पाहीपर्यंत तेही अनिश्चितच राहत नसतील कशावरून? हा प्रश्न खरा आहे. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी 1932 मध्ये दाखवले की, मोजली जाणारी वस्तू आणि मोजणारा यांच्यामधली रेषा गणिताला बाध न आणता उपकरणात, डोळ्यात किंवा मेंदूत, कुठेही ओढता येते. भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी 1961 मध्ये ती रेषा थेट जाणीवेपाशी ओढली, आणि प्रवचनांत ऐकू येणारे विधान बहुतेक वेळा तेथूनच, अनेक हातांतून झिजत आलेले असते. मात्र डीटर त्से यांनी 1970 च्या सुमारास डिकोहेरन्सची कल्पना मांडल्यानंतर विग्नर यांनी आपले ते मत पुढे सोडून दिले, हे सहसा सांगितले जात नाही. डिकोहेरन्सने सगळे सुटले असेही नाही: अनेक शक्यतांपैकी आपल्याला एकच का आढळते, याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. डेव्हिड बोम यांनी 1952 मध्ये आणि ह्यू एव्हरेट यांनी 1957 मध्ये दिलेली उत्तरे एकमेकांपासून फार दूर आहेत, पण त्यांपैकी एकालाही जाणीवेला वेगळे स्थान द्यावे लागत नाही. जाणीवेचा पक्ष प्रयोगाने खोडता येत नाही, हे मी मान्य करतो. परंतु जे खोडता येत नाही त्याला सिद्ध झालेले म्हणू नये.

विग्नर यांचे जुने मत बरोबर होते असे घटकाभर धरले, तरी प्रवचनातला निष्कर्ष निघत नाही. मॅक्स बॉर्न यांनी 1926 मध्ये घातलेल्या नियमाप्रमाणे प्रत्येक निकालाची केवळ संभाव्यता सांगता येते, आणि पाहणाऱ्याच्या इच्छेला त्या नियमात जागा नाही. ठिपका डावीकडे पडावा असे कोणी कितीही मनापासून चिंतले, तरी त्याची शक्यता तिळभर वाढत नाही. ‘मनात धरले की विश्व तसे घडवून आणते’ असे सांगून शिबिरांची शुल्के घेतली जातात, तेव्हा बॉर्न यांचा हा नियम कोणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण त्या शिबिरांत बसलेली माणसे बहुधा आजाराने किंवा कर्जाने गांजलेली असतात.

आता आपल्या विषयाकडे येतो, आणि येथे आपला अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे. ‘बाहेरचे पदार्थ केवळ ज्ञानाची रूपे आहेत’ हा विज्ञानवादी बौद्धांचा (येथे विज्ञान म्हणजे जाणीव) पक्ष शंकराचार्यांनी ‘नाभाव उपलब्धेः’ या ब्रह्मसूत्रावरील भाष्यात खोडून काढला आहे. खांब, भिंत, घडा, वस्त्र हे बाहेर आहेत असेच प्रत्येक ज्ञानात आपल्याला मिळतात, असे ते तेथे म्हणतात. दृष्टिसृष्टिवाद, म्हणजे पाहणे हेच वस्तूचे घडणे हा पक्ष, पुढे अद्वैतातल्याच काही आचार्यांनी मांडला, हे खरे. पण शंकराचार्यांच्या भाष्यातील व्यावहारिक जग कोण्या एका जीवाच्या नजरेवर टेकलेले नाही. म्हणजे विज्ञानाने सिद्ध केले म्हणून जे सांगितले गेले, ते विज्ञानाचे नाही आणि त्या रूपात आचार्यांचेही नाही.

आपल्या गावात श्रीमंत प्रताप शेठ यांनी 1916 मध्ये स्थापन केलेले तत्त्वज्ञान मंदिर आहे, आणि 1930 च्या दशकात कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा तत्त्वज्ञ तेथे संचालक होता. जाणणारा ‘मी’ हा जाणल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी एक करता येत नाही, या विचाराभोवती त्यांचे सारे चिंतन फिरत होते. त्या विचाराची ताकद इलेक्ट्रॉनच्या साक्षीवर अवलंबून नव्हती. भौतिकीचा सिद्धांत उद्या बदलला, तर त्याच्या आधारावर उभे केलेले अद्वैतही त्याच्याबरोबर पडेल. असा टेकू त्याला का द्यावा?

प्रश्न (रावेर तालुका, केळी उत्पादक): आमच्याकडे शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची असते. बागेत पाणी द्यायला जातो तेव्हा ठिबकची काळी नळी सापासारखी दिसते आणि अंगावर काटा येतो. त्या क्षणी मला साप खरोखर दिसतो. मागाहून नळी दिसते. मग मी जे पाहतो ते डोळा घडवतो, मन घडवते, की बाहेर जे आहे तेच दिसते? आणि कोणी नसताना बाग असते का?

उत्तर: दोरीच्या सापाचा दाखला आपल्याकडे शेकडो वर्षांपासून दिला जातो, आपण त्याला ठिबकची नळी देऊन तो अगदी आजचा केला आहे. दिसणे म्हणजे डोळ्यातून आत आलेले चित्र जसेच्या तसे पाहणे नव्हे. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्स यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगितले की, आपल्या नकळत होणारे अनुमान हाच दिसण्याचा मोठा भाग आहे. अंधारात डोळ्याकडून येणारा मजकूर अपुरा असतो. मेंदू तो आधीच्या अनुभवाने पुरा करतो, आणि शंका असेल तेव्हा धोक्याच्या बाजूने चुकतो. कारण नळीला साप समजण्याची किंमत थोडी असते, सापाला नळी समजण्याची फार मोठी.

हे आपल्याला उजेडातही पाहता येईल. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्यापासून साडेसात सेंटीमीटरवर उजवीकडे एक ठळक ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत कागद हळूहळू जवळ आणावा. साधारण 28 सेंटीमीटरच्या आसपास ठिपका नाहीसा होईल, कारण जेथून डोळ्याची नस बाहेर पडते तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. लक्षात घेण्याजोगे हे की, तेथे काळे भोक दिसत नाही. मेंदू ती जागा कागदाच्या रंगाने भरून टाकतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

क्वांटम भौतिकीचा डोळ्याशी खरा संबंध आहे, पण तो निराळ्या ठिकाणी आहे. 1942 मध्ये हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी अंधारात सरावलेल्या डोळ्यांवर केलेल्या प्रयोगांतून असे निघाले की, डोळ्यातील दंडपेशींनी प्रकाशाचे 5 ते 14 कण शोषले, तरी माणसाला उजेड चमकल्याचे जाणवते. एक प्रकाशकण एका पेशीतील एका रेणूचा आकार बदलतो, आणि तेथून रासायनिक क्रियांची साखळी त्या बदलाला वाढवत नेते. म्हणजे रेघ पेशीत उमटते. ‘मला दिसले’ ही जाणीव त्यानंतर सेकंदाच्या काही दशांशांनी येते. दिसणाऱ्या जगात मनाची भर खूप असते, परंतु ती भर बाहेरच्या वस्तूत शिरत नाही. आपल्याला साप दिसला त्या क्षणीही नळीत पाणीच वाहत होते.

आइन्स्टाइन यांनी एकदा फिरताना अब्राहम पाइस यांना विचारले होते की, आपण पाहतो तेव्हाच चंद्र असतो असे तुम्ही खरेच मानता का? चंद्रावर सूर्याचा उजेड सतत आदळून परततो आणि त्याच्या जागेची खूण चहूकडे नेतो. आपल्या बागेवर चांदणे पडते, वारा पानांना हलवतो, मुळे माती धरून असतात. आपण घरी निजलेले असताना बाग तेथे असते, असे निर्धास्त मानावे.

प्रश्न (धुळे, परिचारिका): अहंकार सोडला की जाणीव शुद्ध होते आणि माणूस विश्वाच्या ऊर्जेशी जोडला जातो, असे ध्यानवर्गात सांगतात. अहंकार म्हणजे नेमके काय, आणि क्वांटमशी त्याचे काही नाते आहे का?

उत्तर: बोलण्यात आपण अहंकार म्हणजे गर्व असे धरतो, आणि इंग्रजीतून आलेला इगो हा शब्दही मराठीत ताठा या अर्थाने रुळला आहे. मुळात दोन्ही शब्द ‘मी’शी निगडित आहेत, लॅटिनमध्ये इगो म्हणजे नुसते ‘मी’. सांख्य दर्शनात अहंकार हे प्रकृतीतून, म्हणजे जगाच्या मूळ जड कारणातून, निघालेले एक तत्त्व आहे: प्रकृतीपासून बुद्धी, बुद्धीपासून अहंकार आणि त्याच्यापासून मन, इंद्रिये व तन्मात्रे (शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची सूक्ष्म तत्त्वे). पुरुष, म्हणजे पाहणारे चैतन्य, मात्र निराळा, केवळ साक्षी आणि अकर्ता. हे सांख्यांचे वर्गीकरण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यात ‘मी’ची भावना पाहणाऱ्याच्या पक्षात न बसता पाहिल्या जाणाऱ्या गोष्टींच्या पक्षात बसते. ती घडवली जाते, म्हणून ती तपासता येते.

ती कशी घडते हे दाखवणारा एक साधा प्रयोग मॅथ्यू बॉटव्हिनिक आणि जोनाथन कोहेन यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केला. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवून त्याच्यासमोर रबरी हात ठेवला आणि दोन्ही हातांवर एकाच वेळी, एकाच ठिकाणी कुंचला फिरवला. थोड्याच वेळात अनेकांना तो रबरी हात आपलाच वाटू लागला. दोन कुंचल्यांची वेळ चुकवली की ही भावना बरीच ओसरते. आपल्या अहिराणीत ‘माझा’ या अर्थी ‘मना’ म्हणतात. मन आणि मना यांचा व्युत्पत्तीने काही संबंध असेल असे माझे म्हणणे नाही, पण या प्रयोगाविषयी बोलताना मला तो शब्द हटकून आठवतो, कारण मेंदू जे जुळवून घेतो त्याला तो ‘मना’ म्हणतो. अवयव गेलेल्या रुग्णाला तो अवयव अजूनही दुखतो, हे आपण कामाच्या ठिकाणी पाहिले असेल. तेथेही हाच ‘मना’ मागे राहिलेला असतो.

ध्यानाने हा मीपणा सैल होतो असा अनुभव अनेकांनी सांगितला आहे, आणि तो नाकारण्याचे मला कारण दिसत नाही. पण त्या अनुभवाला क्वांटम ऊर्जा म्हणण्याने काहीच स्पष्ट होत नाही. क्वांटम सिद्धांतातील ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. ध्यानवर्गातील शब्द तसा मोजता येत नाही. माझी नजर विश्व घडवते हे वाक्य मला स्वतःला अहंकाराच्या विसर्जनापेक्षा त्याच्या विस्ताराचेच वाटते, हेही येथे नोंदवतो. आपण ध्यान करत असाल तर ते सुरू ठेवावे. रुग्णांना मात्र औषधाच्या जागी ते सांगू नये.

प्रश्न (शिरपूर, औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी): मेंदूतच क्वांटम क्रिया चालते आणि त्यातून जाणीव निर्माण होते, हा पेनरोज यांचा सिद्धांत मान्य झाला आहे का?

उत्तर: मान्य झालेला नाही. गणिती भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांनी 1989 मध्ये ही दिशा दाखवली आणि पुढे भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांच्यासह पेशींतील सूक्ष्मनलिकांवर तो विचार बांधला. मॅक्स टेगमार्क यांनी 2000 मध्ये असा हिशेब मांडला की, मेंदूसारख्या उबदार आणि ओल्या ठिकाणी अनेक शक्यता एकत्र असण्याची क्वांटम अवस्था सेकंदाच्या एक लाख कोटींश भागापेक्षाही कमी काळ टिकेल, तर चेतापेशींना काम करायला सेकंदाचा हजारावा भाग तरी लागतो. हॅमरॉफ यांच्या बाजूने या हिशेबाला उत्तर दिले गेले आहे आणि वाद चालू आहे. भूल देणारी द्रव्ये जाणीव नेमकी कशी घालवतात, हा प्रश्न आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. त्याचा अभ्यास आपण जरूर करावा. या सिद्धांतात जाणीव मेंदूतील क्रियेतून उपजते, ती बाहेरचे जग घडवत नाही, हा फरक तेवढा ध्यानात ठेवावा.

प्रश्न (शहादा, इयत्ता दहावी): आमच्या शाळेत मोठी उपकरणे नाहीत. पट्टे स्वतः पाहता येतील का?

उत्तर: येतील. बाजारात मिळणारा लाल लेसर पॉइंटर टेबलावर चिकटपट्टीने पक्का करा आणि त्याच्या किरणात डोक्याचा एक केस ताणून उभा धरा. वर्गात अंधार करून समोर दोन मीटरवरच्या भिंतीकडे पाहा. किरणाकडे थेट कोणीही पाहू नये, आणि शिक्षक सोबत असावेत. भिंतीवर मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना उजेडाचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये अंधाऱ्या फटी दिसतील. लाल प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 650 नॅनोमीटर असते आणि केस 70 मायक्रोमीटर जाड धरला, तर एकाच बाजूच्या लागोपाठच्या दोन अंधाऱ्या फटींमधले अंतर 1.9 सेंटीमीटरच्या जवळ येते. उलट बाजूने हिशेब करून तुम्ही आपल्या केसाची जाडी काढू शकता. यात प्रकाशाचे लाटेसारखे वागणे दिसते. एकेक प्रकाशकण वेगळा मोजायला मात्र शाळेतली साधने पुरणार नाहीत. मग कोणी पाहत नसतानाही पट्टे तसेच राहतात का हे तपासायला केस एखाद्या चौकटीत ताणून बसवा, मोबाइलचा कॅमेरा दहा सेकंदांच्या टायमरवर लावा, सगळे वर्गाबाहेर जा, आणि परत आल्यावर छायाचित्रातल्या फटींमधले अंतर मोजपट्टीने आधी घेतलेल्या मापाशी ताडून पाहा. दोन्ही आकडे वहीत लिहून आम्हाला कळवा.